समासात ‘कोण?’ लिहा

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी आमच्या मराठी वाचनवर्गात सातवीतल्या एका मुलाने एक वाक्य मोठ्याने वाचले : ‘लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयाने १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल दिला आणि सात आरोपींना शिक्षा झाली.’ वाचन स्वच्छ होते, एकही जोडाक्षर अडखळले नाही. मी त्याला अर्थ विचारला. तो क्षणभर विचार करून म्हणाला, “म्हणजे कोर्टाने सात जणांना काढून टाकलं आणि मग त्यांना शिकवलं.” वर्गात कोणी हसले नाही, कारण बाकीच्या मुलांनीही ते वाक्य तसेच वाचले होते. हिंदीत ‘निकाल दिया’ म्हणजे बाहेर काढले आणि ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. शाळेत सहा तास हिंदी वाचणाऱ्या मुलाने मराठी वाक्याचा हाच अर्थ लावला, यात त्याचा दोष नाही.

मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते आणि गेली अकरा वर्षे बाडा या शहरातल्या मुख्य चौकापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या एका खोलीत शनिवार-रविवार मराठी वाचनाचा वर्ग घेते. यंदा सहावी ते नववीची चौदा मुले आहेत. त्यांच्या घरी मराठी बोलली जाते, सणवार मराठी होतात, गणपतीत आरत्या तोंडपाठ असतात. शाळा मात्र हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची असते. देवनागरी लिपी हिंदीमुळे त्यांना येतेच. ही सोय वाटते, पण माझ्या मते तीच सर्वांत मोठी अडचण आहे, कारण लिपी येत असल्यामुळे मूल अडखळत नाही, आणि ते अडखळत नाही म्हणून त्याला वाचता येते असे घरच्यांना, शिक्षकांना आणि खुद्द त्यालाही वाटत राहते. पानावरून डोळे सरकतात, आवाज निघतो, पण अर्थ शेजारच्या भाषेतून येतो किंवा येतच नाही.

पूर्वी मी गोष्टी वाचायला देत असे. दोनतीन वर्षांनी माझ्या लक्षात आले की मुले गोष्ट वाचत नाहीत, तिचा अंदाज बांधतात. राजा म्हटला की न्यायी असणार, कोल्हा म्हटला की लबाड असणार, आणि शेवटी चांगल्याचे चांगले होणार. एवढे ठाऊक असले की मधली वाक्ये न वाचताही प्रश्नांची उत्तरे देता येतात. म्हणून मी मुद्दाम असा विषय निवडायचे ठरवले, ज्याविषयी प्रत्येकाने खूप ऐकले आहे आणि कोणीच फारसे वाचलेले नाही. ऐकीव गोष्ट आणि कागदावरची गोष्ट यांच्यातला फरक मुलांना स्वतःच्या बोटाने दाखवता यावा, एवढाच हेतू होता. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत बिर्ला भवनाच्या आवारात झालेला महात्मा गांधींचा खून हा तो विषय.

सुरुवातीला मी काहीही वाचायला दिले नाही. प्रत्येकाला कोऱ्या कागदावर आपल्याला जे ठाऊक आहे ते लिहायला सांगितले. जवळजवळ सर्वांनी ‘हे राम’ लिहिले, सर्वांनी तीन गोळ्या लिहिल्या. दोघांनी मारेकऱ्याला लोकांनी तिथेच ठार मारल्याचे लिहिले. एकाने १५ ऑगस्टची सभा आणि ३० जानेवारीची प्रार्थना एकत्र केली. आणि पाच मुलांनी, थोड्याफार फरकाने, एकच वाक्य लिहिले : ‘पिस्तूल ग्वाल्हेरचे होते.’ मी ते कागद गोळा करून ठेवून दिले आणि दोन महिने परत काढले नाहीत.

पहिला मजकूर दिला तो पोलिसांत दिलेल्या फिर्यादीचा. दिल्लीच्या तुघलक रोड पोलीस ठाण्यात त्याच संध्याकाळी नंदलाल मेहता या प्रत्यक्षदर्शीच्या सांगण्यावरून ती नोंदवली गेली. मूळ मजकूर उर्दूत आहे. मी इंग्रजी भाषांतरावरून तिचा मराठी तर्जुमा केला. मुलांना हे आधीच सांगितले : हे शब्द मेहतांनी सांगितले, पोलिसाने लिहून घेतले, कोणीतरी इंग्रजीत आणले आणि मी मराठीत. तुमच्यापर्यंत येईतो मजकूर चार हातांतून गेला आहे. मग प्रत्येकाच्या पानाच्या समासात मी एकच शब्द लिहायला लावला, ‘कोण?’ (समासाला आमच्या मुलांचा शब्द ‘हाशिया’. मराठीत समास व्याकरणातही असतो आणि पानाच्या कडेलाही असतो, हे त्यांना फार आवडले.) प्रत्येक वाक्यात काम करणारा कोण, आणि हे आपल्याला सांगणारा कोण, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या समासात लिहायची, एवढाच नियम.

फिर्याद लहान आहे, पण मुलांना ती वाचायला तीन रविवार लागले. मेहता सांगतात की संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांच्या सुमारास गांधीजी खोलीतून प्रार्थनेच्या जागेकडे निघाले, दोन मुलींच्या खांद्यांवर त्यांचे हात होते, दोन्ही बाजूंना लोक उभे होते आणि मध्ये जाण्यापुरती सुमारे तीन फूट वाट मोकळी होती. त्यांनी लोकांना हात जोडले. सहा-सात पावले चालून होतात न होतात तोच एक माणूस जवळ आला आणि त्याने दोन-तीन फुटांवरून तीन गोळ्या झाडल्या. गांधीजी ‘राम राम’ म्हणत मागे कोसळले. हल्लेखोर शस्त्रासह जागच्या जागी पकडला गेला.

मुलांनी पेन्सिली काढल्या आणि समास भरू लागला. निघाले कोण? गांधीजी. गोळ्या झाडल्या कोणी? फिर्यादीत नाव आहे, पण ते ‘नारायण विनायक गोडसे’ असे आहे. आठवीतल्या एका मुलीने ताबडतोब हात वर केला. तिला नथुराम हे नाव ठाऊक होते, म्हणून तिने मला सांगितले की माझ्या छपाईत चूक झाली आहे. मी तिला तेच वाक्य पुन्हा वाचायला लावले. मेहता म्हणतात की त्या माणसाचे नाव आपल्याला नंतर कळले. म्हणजे गोळ्या झाडलेल्या त्यांनी पाहिल्या आणि नाव मात्र ऐकले. एकाच वाक्यात पाहिलेली गोष्ट आणि ऐकलेली गोष्ट शेजारी शेजारी बसल्या होत्या. पाहिलेली बरोबर निघाली आणि ऐकलेली चुकली. त्या मुलीने समासात दोन रंग वापरले, पाहिलेल्याला निळा आणि ऐकलेल्याला लाल. पुढच्या रविवारी सगळा वर्ग दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन आला. हे मी सुचवले नव्हते.

मग पुढचे वाक्य आले, ‘हल्लेखोर पकडला गेला.’ समासात काय लिहायचे? कोणी पकडला? मुले वाक्य उलटसुलट वाचत राहिली. एक जण ‘पोलिसांनी’ म्हणाला, दुसरा ‘लोकांनी’ म्हणाला, आणि दोघांनाही पानावर बोट ठेवून तो शब्द दाखवता आला नाही. पकडण्याचे श्रेय पुढे एकाहून अधिक लोकांना दिले गेले, पण आमच्या हातातल्या वाक्यात पकडणारा नव्हता. शेवटी नववीतल्या एका मुलाने समासात रिकामा चौकोन काढला. मराठीत, आणि हिंदीतही, असे वाक्य अगदी सहज बोलले जाते : काच फुटली, दूध सांडले, निर्णय घेण्यात आला, गोळीबार झाला. करणारा वाक्यातून निघून जातो आणि वाक्याला काहीच झाल्यासारखे दिसत नाही. यातले ‘निर्णय घेण्यात आला’सारखे वाक्य शाळेत कर्मणी प्रयोग म्हणून आपण शिकतो, पाच गुणांसाठी वाक्य फिरवून दाखवतो, आणि वर्तमानपत्र वाचताना विसरून जातो. त्या दिवसापासून आमच्या वर्गात रिकामा चौकोन ही एक खूण झाली. चौकोन म्हणजे चूक नाही; इथे कोणीतरी होते आणि वाक्याने ते सांगितले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

‘राम राम’वर मात्र खरी चर्चा झाली. मुलांनी पहिल्या कागदावर ‘हे राम’ लिहिले होते आणि फिर्यादीत ‘राम राम’ निघाले. आमच्याकडे राम राम हा नमस्कार आहे, बाजारात शंभर वेळा कानावर पडतो. म्हणून एका मुलाने सुचवले की गांधीजी हात जोडून लोकांना राम राम करत असतील आणि तेवढ्यात गोळी लागली असेल. कल्पना चांगली होती, पण मी त्याला क्रम वाचायला सांगितला : हात जोडणे आधी आहे, गोळ्या नंतर, आणि ‘राम राम’ हे शब्द कोसळतानाचे आहेत. त्याने वाक्य तीनदा वाचले आणि आपला अंदाज स्वतःच खोडला. पाठ्यपुस्तकातल्या दहा प्रश्नोत्तरांपेक्षा ती खोडलेली ओळ मला मोलाची वाटली, कारण मजकूर आपल्याला अडवू शकतो हे त्याने स्वतः अनुभवले.

त्यानंतर मी दुसऱ्यांचे सांगणे समोर ठेवले. गांधीजींच्या अगदी शेजारी चालणाऱ्या मनुबेनच्या आठवणीत ‘हे राम’ आहे, आणि राजघाटच्या समाधीवर तेच दोन शब्द कोरलेले आहेत. गांधीजींचे त्या काळातले स्वीय सचिव व्ही. कल्याणम् यांच्या नावावर बरीच वर्षे असे छापून येत होते की गांधीजी ‘हे राम’ म्हणालेच नाहीत. २०१८ साली त्यांनी खुलासा केला की ‘ते म्हणाले नाहीत’ असे आपण म्हटले नव्हते, ‘मी ऐकले नाही’ असे म्हटले होते. ही दोन वाक्ये मी फळ्यावर एकाखाली एक लिहिली आणि काहीच बोलले नाही. ‘ते म्हणाले नाहीत.’ ‘मी ऐकले नाही.’ पहिल्यात कर्ता गांधीजी, दुसऱ्यात सांगणारा स्वतः. सहावीतली सर्वांत लहान मुलगी म्हणाली, “काकू, पहिलं गांधीजींबद्दल आहे आणि दुसरं कानाबद्दल.” मी तीस वर्षे शिकवते आहे, हा फरक इतक्या थोडक्यात मला सांगता आला नसता.

वेळेचे प्रकरण आम्ही पटकन उरकले. मेहतांच्या सांगण्यात खोलीतून निघण्याची वेळ सुमारे पाच-दहा आहे, आणि गोळ्या झाडल्याची वेळ सर्वसाधारणपणे पाच-सतरा दिली जाते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते हे मुलांना लगेच समजले. प्रार्थना पाचची असताना उशीर का झाला, हे फिर्यादीत नाही. सरदार पटेलांशी चाललेले बोलणे लांबले होते, हे दुसऱ्या मजकुरात मिळते. २० जानेवारीला त्याच आवारात मदनलाल पाहवा या कटातल्या आरोपीने केलेला स्फोट आणि ३० जानेवारीचा खून या दोन घटना मात्र मुले सारखी एकत्र करत होती. त्याला कारण ‘आदल्या’, ‘त्यापूर्वी’, ‘नंतरच्या’ हे शब्द. ज्या भाषेत ‘कल’ हा कालही असतो आणि उद्याही असतो तिची सवय झालेल्या मुलाला ‘आदला दिवस’ हा शब्द जड जातो. भिंतीवर लांब कागद लावून २० ते ३० जानेवारी असे अकरा रकाने आखले आणि प्रत्येक वाक्य त्याच्या रकान्यात चिकटवले, तेव्हा गोंधळ संपला.

खुनाच्याच रात्री पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून केलेले भाषण वाचायला दिले तेव्हा मुलांना वाटले की आता सोपे आले. आपल्या जीवनातला प्रकाश गेला, असे ते सुरुवातीला म्हणतात, हे अनेकांनी ऐकलेलेही असते. पण थोड्याच वेळाने ते म्हणतात की प्रकाश गेला असे मी म्हटले, तरी ते चूक होते, कारण तो प्रकाश साधा नव्हता. लोक पहिले वाक्य लक्षात ठेवतात आणि दुसऱ्यापर्यंत पोचतच नाहीत. बोलणारा आपलेच वाक्य मागे घेतो, तेव्हा वाचणाऱ्यानेही ते मागे घेतले पाहिजे. समासात ‘मारणारा कोण?’ याचे उत्तर मुलांनी ‘एक वेडा माणूस’ असे लिहिले, कारण नेहरू तिथे नाव घेत नाहीत, त्याला वेडा म्हणतात आणि दुसरे काय म्हणणार असे सांगतात. त्या संध्याकाळी खुनी हिंदू आहे हेही आकाशवाणीवरून मुद्दाम सांगण्यात आले होते. तसे का, हा प्रश्न मुलांनीच विचारला. फाळणीनंतरच्या त्या महिन्यांत ते एक वाक्य न सांगता राहिले असते तर ऐकणाऱ्यांनी रिकामा चौकोन आपल्या मनाने भरला असता आणि देशभर निरपराध मुसलमान मारले गेले असते, असे मी सांगितले. चौकोन रिकामा ठेवणे हे नेहमीच निरुपद्रवी नसते, हे तेव्हा माझ्याही नीट लक्षात आले.

शब्दांच्या निवडीवर एक पूर्ण शनिवार गेला. निधन, मृत्यू, हत्या, खून, हौतात्म्य आणि वध हे सहा शब्द मी चिठ्ठ्यांवर लिहून टेबलावर ठेवले. ‘खून’ हा शब्द हिंदीत मुख्यतः रक्त, म्हणून ‘गांधीजींचा खून झाला’ हे वाक्य अर्ध्या वर्गाने त्यांचे रक्त सांडले असे वाचले होते. ‘कट रचला’ यातला कट काहींना कापण्याशी जोडलेला वाटला होता. ते दुरुस्त झाल्यावर मी ‘वध’ हा शब्द पुढे सरकवला आणि तो आणखी कुठे येतो ते सांगायला लावले. कंसवध, कीचकवध, अफझलखानाचा वध. म्हणजे ज्याला मारले तो दुष्ट होता आणि मारणाऱ्याने योग्य केले, हे त्या दोन अक्षरांत आधीच ठरलेले असते, पुरावा मागायला जागाच राहत नाही. आपल्या मराठी घरांत जुन्या पिढीच्या तोंडी ‘गांधीवध’ हा शब्द असायचा. काही जण तो जाणून वापरत, आणि माझ्या आजीसारखी कितीतरी साधी माणसे कानावर पडला म्हणून वापरत. एका मुलाने घरी जाऊन आजोबांना याविषयी विचारले आणि दुसऱ्या दिवशी त्याचे वडील मला भेटायला आले. ते रागावलेले नव्हते, अवघडलेले होते. “काकू, आमच्या घरात यावर दोन मतं आहेत. मुलांना मराठी शिकवायला दुसरा विषय नाही का?” मी त्यांना म्हटले की वर्गात मी मते शिकवत नाही, पण एका निःशस्त्र म्हाताऱ्या माणसाला प्रार्थनेला जाताना गोळ्या घालणे याला मी खूनच म्हणते, आणि हे मत असेल तर ते मी लपवणारही नाही. आमच्या शहरात या खुनाचे गोडवे गाणारे लोक अधूनमधून बातम्यांत येतात. मुलांच्या कानांवर ते पडतेच. निदान शब्द तोलण्याचा तराजू तरी त्यांच्या हातात असावा. त्यांनी मुलाला वर्गातून काढले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आणि मग पिस्तूल. खरे सांगायचे तर हा भाग मी सुरुवातीला गाळला होता. ज्या शहरात आपण राहतो, ज्या गल्ल्यांतून मुले सायकलवरून येतात, तिथल्याच माणसांचा हा विषय आहे, आणि कोणाच्या नातवाने कोणाच्या नातवाला काय ऐकवावे याची मला भीती वाटत होती. पण पाच मुलांनी पहिल्याच दिवशी ते लिहिले होते, आणि न वाचता सोडलेले पान तोंडी गोष्टच बनून राहते. म्हणून जानेवारीत ते पान वर्गात आणले. नथुराम गोडसे आणि त्याचा साथीदार नारायण आपटे २७ जानेवारीच्या रात्री रेल्वेने ग्वाल्हेरला आले आणि २९ तारखेला दिल्लीला परतले. खुनात वापरलेले इटालियन बनावटीचे बेरेटा पिस्तूल, क्रमांक ६०६८२४, त्यांनी या फेरीत मिळवले. ते मिळवून देण्यात हात असल्याचा आरोप ग्वाल्हेरच्या एका डॉक्टरांवर ठेवला गेला. न्यायाधीश आत्माचरण यांनी फेब्रुवारी १९४९ मध्ये ज्या सात जणांना दोषी ठरवले त्यांत हे डॉक्टर होते. आरोपींपैकी विनायक दामोदर सावरकर यांची त्या निकालात सुटका झाली. पण कथा तिथे थांबत नाही. सिमल्याला पूर्व पंजाब उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांपुढे अपील चालले आणि २१ जून १९४९ रोजी हे डॉक्टर आणि सातांपैकीच शंकर किस्तय्या या दोघांना निर्दोष सोडण्यात आले. उरलेल्यांची शिक्षा कायम राहिली, आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात गोडसे आणि आपटे यांना फाशी झाली.

दोन महिन्यांपूर्वीचे कागद मी तेव्हा परत दिले. ‘पिस्तूल ग्वाल्हेरचे होते’ या आपल्याच वाक्याच्या समासात मुलांनी ‘कोण?’ लिहिले आणि विचार करत बसली. मारेकऱ्याला तिथेच ठार मारल्याचे लिहिणाऱ्या दोघांनी आपली ओळ खोडून शेजारी फाशीची तारीख लिहिली. डॉक्टरांविषयी ऐकलेले एकाने सांगितले, तेव्हा दुसरा म्हणाला की हे फेब्रुवारीपर्यंतचे आहे, जूनचे वाच. गावात फिरणारी गोष्ट पहिल्या निकालापाशी थांबली होती आणि कागद पुढे गेला होता. ‘दोषी’, ‘निर्दोष’, ‘संशयित’, ‘आरोपी’, ‘माफीचा साक्षीदार’ हे शब्द त्या दिवशी मुलांना मी शिकवले नाहीत. एका माणसावर अन्याय होऊ नये म्हणून त्यांना ते लागले आणि त्यांनी ते मागून घेतले. नंतर एकाने विचारले, “पिस्तूल इथून गेलं म्हणजे ग्वाल्हेरने दिलं असं म्हणायचं का?” म्हणजे कर्ता म्हणून सगळे शहर घालायचे का? मी उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी मी घरून एक वस्तू घेऊन गेले.

ते माझ्या आजीचे तांब्याचे घंगाळ. त्याची एक बाजू काळी पडलेली आहे आणि चिंच-राख लावून कितीही घासली तरी ती उजळत नाही; काठाला एके ठिकाणी तांबे वितळून पुन्हा थिजल्यासारखा ओघळ आहे. आजीचे माहेर साताऱ्याकडचे. गांधीजींना मारणारा पुण्याचा ब्राह्मण होता हे कळल्यावर फेब्रुवारी १९४८ मध्ये पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. आजीच्या माहेरचे घर त्यांतलेच. राखेतून हे घंगाळ निघाले, आणि ते घेऊन तिचे आई-वडील मुलांसह ग्वाल्हेरला नातलगांकडे आले ते कायमचे. त्या प्रकाराला आजी ‘जळीत’ म्हणायची. ‘जळीत झालं तेव्हा मी नऊ वर्षांची होते.’ महाराष्ट्रात अजूनही तोच शब्द आहे, अठ्ठेचाळीसचे जळीत.

मुलांनी घंगाळाला हात लावून पाहिला. मी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली. ‘ब्राह्मणांनी गांधींना मारले.’ ‘जळीत झाले.’ समास भरायला सांगितला. पहिल्या वाक्यात एका माणसाच्या आणि त्याच्या थोड्या साथीदारांच्या जागी लाखो माणसे कर्ता होऊन बसली आहेत, त्यांत नऊ वर्षांची एक मुलगीही आहे. आणि दुसऱ्यात घरे जाळणारे कोणीच नाहीत, आग जणू आपली आपण लागली. नववीतल्या मुलाने पहिल्या वाक्यातल्या कर्त्यावर काट मारली आणि दुसऱ्याच्या समासात चौकोन काढला. आधीच्या रविवारी ग्वाल्हेरविषयी विचारणारा मुलगा फळ्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि मग त्याने आपल्या जुन्या कागदावरचे ‘पिस्तूल ग्वाल्हेरचे होते’ हे वाक्य बदलून ‘पिस्तूल ग्वाल्हेरहून नेले’ असे केले, आणि समासात ‘गोडसे, आपटे’ लिहिले.

आठवीतल्या त्या मुलीने, दोन रंगांची पेन्सील जिने प्रथम वापरली तिने, मला विचारले की आजीने जाळणाऱ्यांची नावे सांगितली होती का. नाही, कधीच नाही. जाळणारे गावातलेच होते, आजीला ते ठाऊक असणार, पण तिच्या वाक्यात त्यांची नावे कधी आली नाहीत. त्या रात्री ज्या शेतकऱ्याने या कुटुंबाला आपल्या गोठ्यात कडब्यामागे लपवले आणि पहाटे बैलगाडीने स्टेशनवर पोचवले, त्याचे नाव मात्र ती पूर्ण घ्यायची, त्याचे, त्याच्या वडिलांचे आणि आडनाव. ते वाक्य सांगताना तिने ‘आम्हाला लपवण्यात आले’ असे कधीही म्हटले नाही.

मुलीने वहीत दोन ओळी लिहिल्या आणि समासात खाली-वर दोन खुणा केल्या. वर चौकोन, त्यात निळ्या पेन्सिलीने ‘आजीला ठाऊक होते’. खाली त्या शेतकऱ्याचे पूर्ण नाव, लाल पेन्सिलीत, कारण ते तिने ऐकलेले होते.